गुब्बिओत पहिला कोण आला?

रोम आणि फ्लॉरेन्सचे चार दिवस रांगांतच गेले. लिहायचंय ते गुब्बिओबद्दल. इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं डोंगराला टेकलेलं दगडी गाव. तिथे रेल्वे जात नाही. फोस्सातो दि विकोला उतरून बस धरायची.

15 मेला इथे 'चेरी' निघतात. चेरी म्हणजे लाकडाचे तीन अष्टकोनी खांब (एकाला चेरो म्हणतात), प्रत्येक जवळपास तीनशे किलोचा. माथ्यावर एकेका संताची मूर्ती: गवंड्यांचे उबाल्दो, व्यापाऱ्यांचे जॉर्ज, शेतकऱ्यांचे अंतोनी. उबाल्दो इथलेच बिशप, 16 मे 1160 ला वारले. सम्राट बार्बारोसापासून त्यांनी गाव वाचवलं, हे गुब्बिओकर कालपरवा घडल्यासारखं सांगतात.

दुपारी बाराच्या सुमाराला मोठ्या चौकात चेरी उभे करतात. आधी म्होरक्या चिनीमातीच्या सुरईतून खांबाच्या सांध्यावर पाणी ओततो आणि सुरई थेट गर्दीत भिरकावतो. तिचा तुकडा मिळणं शुभ, म्हणून झुंबड उडते. माझा पाय चिरडला, श्वास कोंडला. भयंकर चिडले होते मी. तेवढ्यात शेजारच्या आजींनी मूठ उघडली. दोन तुकडे होते. त्यातला एक त्यांनी न बोलता माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा, कड धारदार, वर अर्धं निळं फूल.

संध्याकाळी सहाला पळापळ सुरू होते. चेरी खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून, मग थेट इंजिनो डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत. पळता पळताच खांदे बदलतात. खांब समोरून आला तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी होते. घामाचा वास आणि वारा एकदमच अंगावर आला.

नंतर मी आजींच्या नातवाला विचारलं, "पहिला कोण आला?" अंगात पिवळा सदरा, म्हणजे तो उबाल्दोंच्या गटातला. उजवा खांदा सोलवटून लाल झालेला. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुढे उबाल्दो, मग जॉर्ज, मग अंतोनी. हा क्रम कधीच बदलत नाही, कुणी कुणाला ओलांडायचं नसतं. फक्त वर पोहोचल्यावर उबाल्दोवाले बाकीच्यांच्या तोंडावर दार लावू बघतात. "मग एवढं धावायचं कशासाठी?" तो म्हणाला, "चेरो वाकडा होऊ द्यायचा नाही. या जागेवर आधी माझे वडील असायचे." 1917 मध्ये इथली मुलं आल्प्सच्या आघाडीवर लढत होती. त्यांनी तिथेही चेरी बनवून हा दिवस साजरा केला, हेही त्यानेच सांगितलं.

एवढी माणसं जीव तोडून धावतात आणि जिंकायचं कुणालाच नसतं, हे मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. पंढरीची वाट तेवढी आठवली, तिथेही दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो.

माझी शेवटची बस चुकली. आजींनी घरी नेलं, सुक्या माशाचं जेवण वाढलं. रात्री खिडकीखालून संतांच्या मूर्ती गाणी म्हणत परत आणल्या जात होत्या. नातू खांद्याला बर्फ लावून बसला होता आणि चेरो कुठल्या वळणावर कलला यावरून शेजाऱ्याशी तावातावाने भांडत होता.