शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे पुढे काय होते?

मी नवी मुंबईत कर्करोग संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते हे कळले, की रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात: गाठ संशोधनासाठी द्यायची म्हणून आमची सही घेता, मग ती इतर प्रयोगशाळांना का देता? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निदानाला लागणारा भाग आधी पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि उरलेला तुकडा आमच्याकडे, बर्फात ठेवलेल्या बाटलीतून, गुलाबी पोषकद्रवात बुडवून येतो. तोंडातल्या गाठीबरोबर तोंडातले जीवाणू आणि बुरशीही येतात, म्हणून ती प्रतिजैविकांच्या द्रावणात पुनःपुन्हा धुवावी लागते. तरीही कधी द्रव गढूळ होतो आणि नमुना हातचा जातो. वाचलेल्या गाठीचे बारीक तुकडे करून काही द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, तर काही प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली बसवतात. तिथे गाठ रुजायला आठवडे, कधी महिने लागतात आणि पुष्कळ गाठी रुजतच नाहीत. काही पेशी जेलमध्ये वाढवून त्यांचे सूक्ष्म गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, तयार करतात.

उंदरात रुजलेल्या गाठीला किंवा अशा ऑर्गनॉइडला आम्ही मॉडेल म्हणतो. असे एक मॉडेल म्हणजे एका रुग्णाचा कर्करोग. एखादे औषध त्यावर चालले, तर ते इतरांवर चालेल की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या रुग्णांची पुष्कळ मॉडेल्स लागतात आणि एकट्या प्रयोगशाळेला ती कधीच जमवता येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रुग्णांच्या गाठींपासून बनवलेल्या मॉडेल्सचा सामाईक संग्रह उभारला आहे. आपल्याकडे ही गरज अधिक तीव्र आहे, असे माझे ठाम मत आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे गालाच्या आतल्या बाजूला व हिरड्यांना होणारा कर्करोग आपल्या घराघरांतला आहे. पाश्चात्त्य रुग्णांच्या गाठींवर विसंबून त्याची औषधे पारखता येणार नाहीत.

इतर प्रयोगशाळांना मॉडेल देताना त्यासोबत वय, तंबाखूची सवय, आधीचे उपचार आणि गाठ एका उंदरातून दुसऱ्यात अशी कितव्या उंदरात आहे ही माहिती जाते. रुग्णाचे नाव जात नाही. मूळ रक्ताशी डीएनए जुळवून ओळखही पक्की करावी लागते, कारण १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी पुढे इतर कितीतरी पेशींत मिसळल्या आणि त्यांवरचे संशोधन भलत्याच कर्करोगाचे ठरले. त्या पेशी घेताना लॅक्स यांना कोणी विचारलेही नव्हते. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहसा संमतीशिवाय नमुना संशोधनासाठी घेता येत नाही, आणि तसेच असायला हवे.

या मॉडेल्सना मर्यादाही आहेत. उंदरात प्रतिकारशक्तीच नसल्यामुळे इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारी औषधे त्यात थेट तपासता येत नाहीत, आणि गाठीतल्या कर्कपेशींना आधार देणाऱ्या मानवी पेशींची जागा हळूहळू उंदराच्या पेशी घेतात.

आमच्या माणसाला याचा उपयोग होईल का, असे विचारलेत तर बहुधा नाही, असेच मी सांगते. मॉडेल तयार होईपर्यंत त्यांचा उपचार बराच पुढे गेलेला असतो. संमती नंतर मागे घेता येते आणि आमच्याकडचा साठा नष्टही करता येतो. मात्र जे तुकडे तोवर दुसऱ्या प्रयोगशाळांत वापरून झाले, त्यांतून मिळालेली माहिती परत घेता येत नाही. हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल, तर सही करण्यापूर्वी अवश्य विचारा.