मेसा ट्रेल, नोंद ७: एकदाचा पुरा झाला

रविवारी शटॉक्वा ते साउथ मेसा, म्हणजे ट्रेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग. साधारण ११ किलोमीटर, थांबे धरून चार तास दहा मिनिटं. ठरवले होते चार तास. वरची दहा मिनिटं कुठे गेली ते पुढे येईलच.

नव्या मंडळींसाठी: हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं बोल्डर. शहरच १६५५ मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्याहून नऊ मीटर वर! पहिल्या नोंदीत मी ऐटीत ‘टेकडीवर फिरायला चाललोय’ असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. तेव्हा चालता चालता धड एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. आता येतं, चढ फार खडा नसेल तर.

मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार, पण नावावर जाऊ नका. ग्रीन माउंटन आणि बेअर पीकच्या पायथ्याला बिलगून वाट दक्षिणेकडे जाते आणि डोंगरातून उतरणाऱ्या घळी एकामागून एक आडव्या ओलांडते. उतरा, ओढा पार करा, चढा, पुन्हा तेच. सह्याद्रीत एकदा दम काढून माथा गाठला की कमाई आपली. इथे कमावलेली उंची लगेच परत करावी लागते. घड्याळाने एकूण चढ ४७० मीटर दाखवला, आणि शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा खालीच! सगळ्यात जिवावर येतो तो बेअर कॅन्यननंतरचा चढ. रुंद कच्चा रस्ता, डोक्यावर विजेच्या तारा, सावलीचं नाव नाही. मागच्या दोन्ही वेळा इथूनच माघारी फिरलो होतो. या वेळी वर न बघता शंभर-शंभर पावलं मोजत काढला.

आता ती दहा मिनिटं. गुरुवारी बर्फ पडलं, शनिवारी वितळलं, आणि इथली माती चिकणी. दहा पावलांत एकेक बूट किलोभराचा. काठाच्या गवतावरून जायचा मोह होतो, पण तसं केलं की गवत मरतं आणि वाट रुंदावत जाते. म्हणून चिखल असला तरी मधूनच जायचं, हा इथला शिरस्ता. तीनदा थांबून काटकीने तळवे खरवडले. वरचा थर लोण्यासारखा निघतो, पण खाचांत बसलेला खडे घेऊनच बसतो.

एका पाँडेरोसा पाइनखाली खरवडत असताना वरून सालीचे तुकडे पडले. कानांवर केसांचे झुबके असलेली काळी खार! ॲबर्ट्स स्क्विरल, सात नोंदींत पहिल्यांदाच दिसली. त्या झाडाच्या उन्हाने तापलेल्या सालीला नाक लावून बघा, चक्क व्हॅनिलाचा वास येतो. (येणारे-जाणारे बघतात. बघू देत.)

पश्चिमेला फ्लॅटआयर्न्स, म्हणजे डोंगराला टेकलेले खडकाचे प्रचंड तिरपे कडे. आपल्याकडे लाव्हाचे थर आडवे, भाकऱ्यांची चवड रचल्यासारखे. इथला लालसर वालुकाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि डोंगर वर उचलले गेले तेव्हा तो तिरपा झाला. त्या फरशा आभाळाला टेकवून ठेवल्यासारख्या दिसतात. मान पूर्वेकडे वळवली की एकदम काहीच नाही. गवत, मग सपाटी, आग्नेयेला डेन्व्हरच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या, आणि पुढे क्षितिजापर्यंत नजर अडायला टेकाडसुद्धा नाही. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पाइन विरळ होत जातात आणि ती प्रेअरी थेट पायाशी येते. गेल्या वर्षीचं वाळकं बिग ब्लूस्टेम गवत तांबूस रंगाचं, वाऱ्यावर सळसळत होतं. मला विचाराल तर ट्रेलचा हाच भाग सगळ्यात देखणा, पण शटॉक्वाच्या बाजूने फोटो काढून परतणारे इथवर येतच नाहीत.

डावा गुडघा नवव्या किलोमीटरपासून कुरकुरत होता. उतारावर पोल (चालताना टेकायची काठी) लांब करून घ्यायचा आळस केला, त्याची फळं. दोन लिटर पाणी बरोब्बर पुरलं, म्हणजे उन्हाळ्यात तीन लागणार.

पुढची नोंद उलट्या दिशेने, म्हणजे तारांखालचा तो चढ उतार होईल. तोवर बूट गॅलरीत, वर्तमानपत्रावर वाळत पडलेत.