फेफेच्या गावाला

दक्षिण इटलीतल्या लेच्चेला लोक जातात ते तिथल्या पिवळसर दगडातली नक्षीदार चर्चेस बघायला. मीही दोन दिवस मान वर करकरून ती बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र रीजनल ट्रेन पकडून पंधराएक किलोमीटरवरच्या स्क्विन्झानोला निघाले. हॉटेलातल्या मुलीने दोनदा विचारलं, "तिथे कशाला? समुद्रावर जा ना!" तिला काय सांगणार, की १० ऑक्टोबर १९६१ ला या गावात व्हॉलीबॉलचा खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक झालेला फर्डिनांडो दे जॉर्जी जन्मला आणि मला तेवढंच कारण पुरतं. अख्खं इटली त्याला 'फेफे' म्हणतं.

खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडं होती; झाडं कसली, राखाडी सांगाडे. २०१३ मध्ये या सालेंतो भागात झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि बघता बघता लाखो झाडं वाळून गेली. मधूनच द्राक्षमळ्याचा हिरवा पट्टा यायचा, तेवढाच डोळ्यांना थंडावा.

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात मी सेटर होते, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी. उंची पाच फूट दोन. बुटक्या सेटरची पंचाईत अशी, की मागच्या ओळीत असेपर्यंत सगळं झकास चालतं. रोटेशनमध्ये, म्हणजे जागा फिरत फिरत, नेटपाशी आलं की समोरचे नेमके आपल्याच डोक्यावरून स्मॅश हाणतात. मग आमचे सर मला बाहेर बसवायचे. राग यायचा, पण कोण थकलंय, कोणाला चेंडू द्यायला नको, हे बाकावरून लख्ख दिसायचं.

फेफे १.७८ मीटर. तुमच्याआमच्यात उंचच म्हणायचा, पण इटलीच्या संघात दोन मीटरच्या खांबांमध्ये उभा राहणारा. अर्जेंटिनाच्या हुलिओ वेलास्कोने घडवलेल्या त्या संघाला तिथे 'जनरात्सिओने दी फेनोमेनी', अचाट माणसांची पिढी, म्हणतात. १९९० मध्ये रिओत क्युबाला, १९९४ मध्ये अथेन्सला नेदरलँड्सला हरवून ते विश्वविजेते झाले. वेलास्को गेल्यावर १९९८ मध्ये टोकियोत युगोस्लाव्हियाला हरवलं. तिन्ही संघांत फेफे होता. पण आधी पाओलो तोफोली आणि नंतर मार्को मेओनी हे पहिल्या पसंतीचे सेटर, हा दुसरा. तीन सुवर्णपदकं आणि नशिबी बराचसा बाक! पुढे क्युनेओ क्लबात तर काही काळ तो खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता.

प्रशिक्षक म्हणून त्याची खरी गंमत पोलंडमध्ये आहे. झाक्सा क्लबला त्याने २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ पोलिश विजेतेपद मिळवून दिलं, म्हणून पोलंडने राष्ट्रीय संघ त्याच्या हाती दिला. त्याच वर्षी युरोपियन स्पर्धा पोलंडातच. घरच्या प्रेक्षकांसमोर स्लोव्हेनियाकडून हरून उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच गाशा गुंडाळला, आणि काही दिवसांतच याला नारळ. दोन वर्षांनी लूबे या इटालियन क्लबला त्याने इटलीची लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकून दिली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला इटली अर्जेंटिनाकडून हरल्यावर फेफेला बोलावणं आलं. पोरं नवीन, हातात जेमतेम काही आठवडे. सप्टेंबरात युरोपियन अंतिम सामना पोलंडच्या कातोवित्से शहरात, समोर तोच स्लोव्हेनिया. ३-२. आणि ११ सप्टेंबर २०२२ ला त्याच उडत्या तबकडीसारख्या स्टेडियममध्ये जागतिक अंतिम सामना, या वेळी खुद्द पोलंडशी. ३-१. तो सामना मी डोंबिवलीत लॅपटॉपवर बघितला होता आणि खालच्या काकू जिना चढून आल्या होत्या, काय झालं म्हणून.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला मात्र सूड उलटा फिरला. उपांत्य फेरीत फ्रान्सने ३-० धुतलं, आणि फ्रान्सचा प्रशिक्षक कोण? आंद्रेआ जानी, त्या तिन्ही सुवर्णांतला फेफेचा सोबती.

स्क्विन्झानोत उतरले तेव्हा उन्हं चढली होती. चौकाजवळच्या बारमध्ये (तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान) गरम पास्तिच्चोत्तो आणि बर्फ व बदामाचं दूध घातलेली कॉफी मागवली. पास्तिच्चोत्तो म्हणजे खुसखुशीत पारीत भरलेलं कस्टर्ड. वरून निवलेलं दिसतं आणि आत उकळतं. जीभ सडकून भाजली. मनिलात बल्गेरियाला हरवून फेफेने प्रशिक्षक म्हणून दुसरा विश्वचषक उचलला त्याला आठवडाच झाला होता, त्यामुळे विषय काढायला फार इटालियन लागलं नाही. "फेफे?" एवढंच म्हटलं. कोपऱ्यातल्या आजोबांनी पेपर खाली ठेवला, पाच बोटं दाखवली, तीन खेळाडू म्हणून आणि दोन प्रशिक्षक म्हणून, आणि मग माझ्याकडे बोट करून भुवया उडवल्या: तू खेळतेस?

मी दोन्ही हात कपाळावर नेऊन सेटरची पोज घेतली. आजोबा उठले, जवळ आले, आणि मान हलवत माझे दोन्ही अंगठे मागे, डोळ्यांच्या दिशेने वळवले.

हेच सर सांगून सांगून थकले होते.