वैद्यकीय प्रवेश मी का सोडला

गेल्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयातील माझी जागा पक्की झाली होती आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी मी ती सोडली. सोलापुरात नव्या पेठेत आमचे औषधांचे दुकान आहे. मुलगी डॉक्टर होणार, हे बाबांनी मी सातवीत असल्यापासून गिऱ्हाइकांना सांगितले होते. त्यामुळे संगीत नाटक करायचे आहे, हे त्यांना सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नाटकाकडे वळले. तूही आधी पदवी घे." लागूंविषयी मला नितांत आदर आहे, परंतु त्यांचे नाटक गद्य होते. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन, म्हणजे ज्या वयात पहाटेच्या खर्जाने, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाने, गळा तयार व्हायचा, तेच वय रात्रपाळ्यांत गेले असते.

हे वेड हुतात्मा स्मृती मंदिरात 'संगीत सौभद्र' पाहताना लागले. सुभद्रा बोलत असताना ऑर्गनवाल्याने हलकेच सूर धरला, तिचे वाक्य त्या सुराकडे झुकत गेले आणि पद केव्हा सुरू झाले ते मला कळलेच नाही. 'सौभद्र' लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांपूर्वीच्या नाटकांत पदे प्रामुख्याने सूत्रधार गात असे. १८८० च्या त्यांच्या 'शाकुंतला'पासून पात्रे स्वतः गाऊ लागली, आणि माझ्या मते मराठी रंगभूमीवरचे सर्वांत अवघड काम तेव्हापासून नटांच्या वाट्याला आले. गाणे शिकता येते, अभिनयही शिकता येतो. परंतु बोलण्यातून गाण्यात शिरताना पात्र हातून सुटू न देणे, याला वर्षे लागतात.

आता रोज पहाटे काळी चार या पट्टीत रियाज आणि संध्याकाळी तालीम असते. आई अजूनही अधूनमधून पुन्हा परीक्षा देण्याविषयी विचारते, आणि तिची काळजी मला समजते. बाबा मात्र दुकानातून ज्येष्ठमधाच्या कांड्या कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवतात.

पुढच्या महिन्यात मी 'सौभद्रा'त कुसुमावती करणार आहे. परवा एकाच जागी गुरुजींनी मला अकरा वेळा थांबवले. "वाक्य संपवू नकोस," ते म्हणाले, "सुरात सोड." बाराव्या वेळी त्यांनी तबलजीला खूण केली.