तुम्ही विचारलंत म्हणून: माझी पोर मागेच का खेळते?

"मॅडम, मनी पोरले मांगेच कसाले उभी करतस? ती गोल कव्हय करी?"

शाळेच्या फाटकाशी, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठ पडली तरी पालक मला हेच विचारतात. अमळनेर तालुक्यात मी मुलींना फुटबॉल शिकवते. माझ्याकडची जी पोर स्टॉपर म्हणून, म्हणजे आपल्या गोलपुढं बचावाच्या मधोमध खेळते, तिच्या घरून हा प्रश्न ठरलेलाच. विचारणाऱ्याच्या मनात राग नसतो, काळजी असते. पोरीला अंधार असताना मैदानावर पाठवायचं, भाऊबंदांचं बोलणं खायचं, बुटांसाठी पैसे काढून ठेवायचे, आणि सामना जिंकल्यावर पेपरात नाव छापून येतं ते गोल मारणारीचं. आपली पोर मागंच राहून गेली, असं बापाला वाटणारच. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मागं मी कोणाला उभं करते? चेंडू आपल्या पायात नसताना जी खेळ बघते, तिला. बहुतेक पोरी चेंडूमागं धावतात. एखादीच असते, जी मान वळवून बघून ठेवते की समोरच्या संघातली कोण मोकळी आहे आणि आता चेंडू कुठं जाईल. मक्याची कणसं भरली की रात्री राखणीला तुम्ही घरातलं सगळ्यात भरवशाचं माणूस पाठवता ना? माझीही निवड तशीच असते.

दुसरी गोष्ट आवाजाची. स्टॉपरला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून बोलायचं काम तिचं. "वर चला", "डावीकडची मोकळी आहे", "मागं माणूस", "तू जा, मी आहे" हे तिनं ओरडून सांगायचं असतं. आपल्याकडं पोरींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं. काहींचा आवाज निघायला एक अख्खा हंगाम जातो. पण एकदा निघाला की तो मैदानापुरता राहत नाही, हे तुम्ही घरीही बघितलं असेल. त्याची तक्रार घेऊन काही आया माझ्याकडं येतात. मला मात्र त्याचा फार आनंद होतो.

आता प्रत्यक्ष काम बघा. समोरून फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला पुढं खेळणारी, चेंडू घेऊन सुटली की नवशिकी पोर थेट तिच्या अंगावर जाते आणि पाय टाकते. फॉरवर्ड चेंडू बाजूला सारते आणि निघून जाते. जाणती स्टॉपर धावत जाते, पण दोन हात अंतरावर वेग कमी करते. अंग तिरकं, गुडघे वाकवलेले, एक पाय पुढं, नजर फक्त चेंडूवर. समोरची कमरेनं कितीही झुलू दे, ही हलत नाही. मग मागं मागं सरकत ती तिला टचलाइनकडं, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडं नेते, तिच्या कच्च्या पायाच्या बाजूला. तेवढ्यात आपल्या मधल्या फळीतल्या पोरी परत येतात. फॉरवर्डनं चेंडू वीतभर जरी लांब ढकलला, की त्याच क्षणी पाय आत. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं, आणि कुणी टाळी वाजवत नाही, कारण बघणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही.

त्यातून आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळा लागला की भेगा पडतात, टप्पा पडलेला चेंडू कुठं उसळेल याचा नेम नाही. पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटून पाय उचलवत नाही. अशा जमिनीवर पाय कधी घालायचा आणि कधी आवरायचा हे ज्या पोरीला कळलं, तिला हिरवळीच्या मैदानाची भीती राहत नाही. माझ्या पोरी बाहेरगावी खेळायला गेल्यावर मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय.

तुमचा खरा प्रश्न पुढचा असतो: मागं खेळून पोरीचं होणार काय? तर क्रिस्टी रॅम्पोनचं ऐका. अमेरिकेची खेळाडू. कॉलेजात ती फॉरवर्ड होती, गोलांमागून गोल करणारी. राष्ट्रीय संघात आल्यावर तिला मागं आणलं, आणि ती तिथं १९९७ पासून २०१५ पर्यंत टिकली. ३११ आंतरराष्ट्रीय सामने खेळली. त्यात तिचे स्वतःचे गोल किती, तर फक्त ४. याच काळात २००४, २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं, १९९९ आणि २०१५ चे विश्वचषक. २००८ पासून ती कर्णधार होती. मधल्या काळात दोन मुलींची आई झाली आणि दोन्ही वेळा परत येऊन खेळली. २०१५ ची अंतिम लढत जपानशी होती, त्यात ती बदली खेळाडू म्हणून उतरली तेव्हा तिला ४० वर्षं पूर्ण झाली होती. "लगीन झालं की खेळ संपला" असं मला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत सांगते.

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या इंफाळची आशालता देवी घ्या. लोइतोंगबाम आशालता देवी, स्टॉपर, भारताची कर्णधार राहिलेली. तमिळनाडूच्या सेतू एफसीकडून खेळली, गोकुलम केरळकडून खेळली, ईस्ट बंगालकडून खेळली. २०१८-१९ च्या हंगामात अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं तिला वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं. मागं खेळणाऱ्या पोरीला! १७ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत दक्षिण आशियाई देशांच्या 'साफ' स्पर्धेत भारत पाकिस्तानविरुद्ध ५-२ नं जिंकला. तो तिचा १०० वा आंतरराष्ट्रीय सामना. इथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. त्याच सामन्यात फॉरवर्ड बाला देवीनं भारतासाठी ५० वा गोल केला. एकीचा हिशोब गोलांत, दुसरीचा सामन्यांत, आणि दोन्ही आकडे एकाच दिवशी पूर्ण व्हावेत, हे मला फार आवडतं. मी पोरींना दोन्ही नावं एकत्रच सांगते.

पण आशालताचा जो सामना माझ्या मनातून जात नाही, तो वेगळा आहे. जानेवारी २०२२, आशिया चषक आपल्याच राज्यात होता. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर २० तारखेला भारत विरुद्ध इराण, निकाल ०-०. लोकांनी म्हटलं, गोल मारता आला नाही. बरोबरच होतं, संधी खूप वाया गेल्या. मी बघत होते ती मागची फळी. आशिया चषकात, घरच्या लोकांच्या अपेक्षांचं ओझं घेऊन खेळताना त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी सामना होता. संघात कोरोना शिरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि भारत स्पर्धेतूनच बाद झाला. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या पोरी हॉटेलच्या खोल्यांत बसून राहिल्या. ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्यानंतर जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माईला पुढच्या आशिया चषकाचे पात्रता सामने झाले. मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि ५ जुलैला यजमान थायलंडला २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि तिचं जेवढं कौतुक झालं ते कमीच. पात्रता फेरी खेळून भारतीय महिला पहिल्यांदाच आशिया चषकात पोचल्या. पण आकडे पुन्हा एकदा वाचा. चार सामन्यांत भारतावर गोल झाला तो फक्त एक. संगीताचा दुसरा गोल ७४ व्या मिनिटाला. त्यानंतर घरच्या प्रेक्षकांसमोर पेटून उठलेल्या थायलंडला शेवटच्या शिट्टीपर्यंत अडवून धरलं ते स्वीटी देवी आणि तिच्यासोबतच्या पोरींनी.

आणि हरल्यावर काय होतं, तेही सांगायला हवं. मागं खेळणारीचं आयुष्य त्याशिवाय समजत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपली कर्णधार होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी पोर, बचावपटू. तिच्या गावात तिच्या मानासाठी रस्ता बांधायला घेतला आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरीला होते, ही बातमी तेव्हा सगळीकडं आली होती. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामन्यांत १६ गोल. फॉरवर्डनं संधी घालवली तर लोक हळहळतात. मागची चुकली तर गोल होतो, आणि तो तिच्या नावावर लागतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू जाळ्यातून काढून मधल्या रेषेवर पाठवायचा आणि पुन्हा आपल्या जागी उभं राहायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीकडून हे होणं मला कुठल्याही गोलपेक्षा मोठं वाटतं. आमच्या नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या पोरी सामन्याला येतात तेव्हा मला हमखास अस्तम आठवते. तेच काटक पाय, तीच न बोलता सोसायची सवय.

पैशाचं आणि नोकरीचं थोडक्यात. महिला फुटबॉलमध्ये फार पैसा आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पण दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, रेल्वेही खेळाडू घेते. तिथं बघतात ते स्पर्धेची पातळी आणि संघाचं पदक. प्रमाणपत्रावर गोल मोजत नाहीत. सगळी प्रमाणपत्रं मात्र जपून ठेवा.

दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी लागली की सरावाला पोरी कमी होतात. मजुरी घरात लागते, त्याबद्दल मी कुणाला बोलत नाही आणि त्यामुळं कुणाची जागाही जात नाही. एका बाबतीत मात्र मी ऐकत नाही, ती म्हणजे वेळ. सरावाची सुरुवात चुकवायची नाही. मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, उडी मारून उतरताना किंवा झटक्यात वळताना. स्टॉपर तर सामनाभर हेच करते. त्यासाठी फिफाचा ११+ नावाचा साधारण वीस मिनिटांचा व्यायाम आहे, तो आम्ही आधी करतो. उशिरा आलेल्या पोरीचा नेमका तोच बुडतो.

तालुक्याच्या सामन्यांना तुम्ही या. सगळे पालक मधल्या रेषेजवळ गर्दी करतात. तुम्ही आपल्या गोलच्या मागं उभे राहा आणि पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त तुमच्या पोरीकडं बघा. ती किती वेळा मान वळवते, कुणाला काय सांगते, कुणाच्या मागं धावून जाते, ते तिथूनच दिसतं. नंतर काय विचारायचं ते विचारा.

आणि नवे बूट घेणार असाल तर "पाय वाढेल" म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. मोठ्या बुटात पाय सरकतो आणि वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. पोरीला दुकानात सोबत न्या, सामन्यात घालते तेच मोजे घालून बूट बघू द्या.