कराचीवाल्या काकांचा झरोका

१९७१ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली होती आणि दादा पोस्टात काउंटरवर होते. युद्ध म्हटलं की मला सगळ्यात आधी खळीचा वास आठवतो. आईने पातेलंभर मैद्याची खळ शिजवली होती आणि झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला होता. वरून विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीच्या तावदानांवर आतून काळा कागद, दाराच्या झरोक्यावर दुहेरी कागद. मी पट्ट्या कापून द्यायचे, आई चिकटवायची.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांचे हल्ले झाले आणि मध्यरात्री इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. भीतीने माणसं जवळ येतात असं म्हणतात. पहिल्या रात्री आमच्या चाळीत मी नेमकं उलटं पाहिलं. एरवी रात्री दहापर्यंत गॅलरीत गप्पा चालायच्या. त्या रात्री प्रत्येक बिऱ्हाडाने कडी लावून घेतली. भोंगा वाजला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात एकट्याच बसून राहिल्या, त्यांना खाली आणायला कुणी गेलं नाही. वाईट कुणीच नव्हतं. आपण नेमकं काय करायचं हेच कुणाला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळ कमिटीचे सेक्रेटरी वही घेऊन दारोदार फिरले. तुम्ही वाळूच्या बादल्या भरा, तुम्ही नळ गेले की पिंपं बघा, तुमच्या मुलाने भोंगा झाला की आजींना धरून उतरवायचं. बस्स, एवढंच. त्या रात्री भोंगा झाला तेव्हा भीती होतीच, माझे तर दात वाजत होते, पण जिन्यात पावलं ऐकू येत होती. वहीत नाव आहे म्हटल्यावर माणूस घरात बसत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

आता जे सांगायचं आहे ते मी चोपन्न वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक गृहस्थ एकटेच राहायचे. सगळे त्यांना कराचीवाले काका म्हणत. मराठीच, पण जन्म कराचीचा. तिकडे तेव्हा मराठी माणसांची चांगली वस्ती होती. नारायण जगन्नाथ हायस्कूलबद्दल ते आपल्या दादरच्या शाळेबद्दल बोलावं तसं बोलायचे. फाळणीनंतर मुंबईत आले आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरू लागले. खोलीत व्हॉल्व्ह, तारा, जळक्या सोल्डरचा वास. एरियलची तार गॅलरीतून थेट कौलांपर्यंत गेलेली.

आपल्या आरमाराने कराची बंदरावर हल्ला केल्याची बातमी रविवारी आली. चाळीत पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला, पण हातातच धरून ठेवला. मी समोर उभी होते. 'बंदराच्या बाजूलाच आमचं घर होतं गं,' एवढंच ते म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला. आपण जिंकतोय आणि यांचं तोंड असं का? शाळेत, नाक्यावर, दुधाच्या रांगेत जे ऐकत होते ते सगळं माझ्या डोक्यात साचलं होतं. हेर टॉर्चने खुणा करतात, हेरांकडे वायरलेस असतो.

सोमवारी रात्री काकांच्या झरोक्याच्या कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ दिसली. मी धावत जाऊन खालच्या मुलांना सांगितलं. फक्त उजेडाचं सांगितलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी म्हणाले, 'ते कुणाशी तरी बोलतायत.' ते खरं नव्हतं. कानाला हेडफोन लावून बसलेले मी त्यांना पाहिलं होतं, बोलताना नाही.

पाच-सहा जण वर आले. ही तीच मुलं, दिवसभर वाळूच्या बादल्या वाहणारी, आजींना जिन्यावरून अलगद उतरवणारी. त्यांनी दार ढकललं, दोन रेडिओ गॅलरीत आपटले, एरियलची तार ओढून तोडली. एकाने काकांची कॉलर धरली. काका काहीच बोलत नव्हते, चष्मा सांभाळत होते.

आई खळीचं पातेलं आणि उरलेला कागद घेऊन आली. तिने कुणाला समजावलं नाही, कुणाला रागावली नाही. 'स्टूल धर,' ती त्या कॉलर धरलेल्या मुलाला म्हणाली. त्याने कॉलर सोडली आणि स्टूल धरलं. अंधारात चाचपडत तिने त्या झरोक्यावर आणखी एक थर चिकटवला. तोवर बाकीचे एकेक करून खाली गेले होते.

मी पुढे छत्तीस वर्षं पोस्टात काढली, म्हणून मला हे असंच सुचतं: राग, भीती, अभिमान ही पत्ता नसलेली पाकिटं असतात. आत कितीही मोलाचं असो, वर जो पत्ता लिहाल तिथे ती जातात. सेक्रेटरींनी एक पत्ता लिहिला, मी दुसरा लिहिला.

त्याच आठवड्यात कच्छमध्ये जे घडलं ते मला मोठेपणी कळलं. ८ डिसेंबरच्या रात्री भूजच्या हवाई तळावर बॉम्ब पडले आणि धावपट्टी उखडली. दुरुस्तीला माणसं पुरेनात. तळाचे प्रमुख आपले विजय कर्णिक. मदतीची हाक गेली आणि शेजारच्या माधापर गावातून बायका निघाल्या, सुमारे ३००, काही जणी लेकरं शेजारणीकडे ठेवून. भोंगा झाला की झुडपांत लपायचं, थांबला की पुन्हा घमेली उचलायची. वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवली. पहिल्या दिवशी खायलाही काही नव्हतं, असं त्यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितलंय. ७२ तासांत पट्टी विमानं उडण्याजोगी झाली. या बायका निर्भय होत्या असं लिहिलेलं वाचलं की मला पटत नाही. विमानाचा आवाज आल्यावर काळीज हललं नसेल असं कसं होईल? पण हाक गावातूनच आली होती, शेजारीण निघाली होती, आणि घमेलं, शेण, सारवण हे सगळं रोजच्या हातातलं काम होतं. सरकारने पुढे दिलेले ५० हजार रुपये त्यांनी गावाच्या सभागृहासाठी दिले.

दादांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. युद्धाच्या आधीच, १५ नोव्हेंबरपासून, प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं होतं, पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' असा छाप मारलेला असायचा. सुरुवातीला लोक काउंटरवर कुरकुरायचे. सुमारे एक कोटी माणसं, हा आकडा ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नव्हतं. ३ तारखेनंतर कुरकुर थांबली, काही जण तर उगाच दोन तिकिटं मागू लागले. युद्ध संपलं आणि महिन्याभरात कुरकुर पुन्हा सुरू झाली. तिकीट मात्र १९७३ च्या मार्चपर्यंत चालूच राहिलं. दादा म्हणायचे, लोकांना भरून येणं थांबलं तरी छावणीतल्या पोरांची भूक थांबत नाही, त्यासाठी तिकीट आहे.

काका १९७२ मध्ये खोली सोडून गेले. मी त्यांच्याशी एकदाही बोलले नाही.

२०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी तणाव वाढला आणि देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज येत होते. संध्याकाळी एक आला: पाचव्या मजल्यावरचा काश्मिरी भाडेकरू मुलगा रात्री उशिरापर्यंत लाईट ठेवतो, लक्ष ठेवा. खाली अंगठ्यांची रांग. माझ्या हाताला घाम फुटला. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. एक जुनी वही घेतली, पाचव्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. त्याने दार जरासंच उघडलं. मी म्हटलं, 'लाईट गेले, लिफ्ट बंद पडली तर कुणाकुणाला धरून उतरवावं लागेल त्याची यादी करायची आहे. मला जिने चढवत नाहीत. येतोस?'

त्याने चपला घातल्या. प्रत्येक मजल्यावर बेल मी वाजवली आणि नावं त्याने लिहिली. ज्याने तो मेसेज टाकला होता, त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. तिचं नाव लिहिताना त्याने विचारलं, 'आजी, इनको उठाने के लिए दो लोग चाहिए ना?' मी मेसेज टाकणाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, 'हो, दोन लागतात. एक मी आहे.' मुलाने दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

रात्री साडेनऊपर्यंत सतरा नावं झाली.