टायमिंग चेन तुटली की आधी सेल्फवरचा हात काढा

सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर गरगरतं, कॉम्प्रेशनचे ठोके ऐकू येत नाहीत आणि गाडी काही चालू होत नाही. १.३ डीडीआयएस डिझेल इंजिनाची जुनी मारुती स्विफ्ट, डिझायर किंवा रिट्झ असेल आणि असा आवाज आला, तर टायमिंग चेन तुटली असं समजूनच पुढे चाला. पिस्टन हलवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या तालावर वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवते ती ही साखळी. पुन्हा सेल्फ मारू नका.

जांबोटी-कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात गाडी अशी बंद पडली की कुणीतरी हमखास सुचवतं, 'उतारावर सोडा की, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की लागेल.' हे अजिबात करायचं नाही. कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबलेला असतो, काही वॉल्व्ह उघडे लटकलेले असतात, आणि चाकांच्या जोरानं पिस्टन खालून वर येत असतो. चेन तुटताना जो वॉल्व्ह वाचला, तो इथं वाकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि ओढून गॅरेजला आणा.

हे १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. इंडिका विस्टा, पुंटो, लिनिया यांतही तेच आहे. स्विफ्टमध्ये ते २००७ ला आलं आणि २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा बंद झालं. म्हणजे आज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या या गाड्या बऱ्याच जुन्या झाल्या आहेत, आणि चेनचं हे काम आता वाढतच जाणार.

'चेन लाइफटाइम आहे' हे वाक्य ऑइल वेळेवर बदलणाऱ्यापुरतंच खरं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल काजळीनं जड झालं की ती काजळी कड्यांच्या पिना आणि बुश घासते. एकेका पिनीची झीज केसाएवढी, पण सगळ्या कड्यांची बेरीज झाली की चेन लांबते. टेन्शनरचा दांडा पूर्ण बाहेर येतो, त्यापुढे त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. मग चेन तिला वाट दाखवणाऱ्या गाईडवर आपटते, गाईडचं प्लॅस्टिक झिजतं, तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद चेनच्या बाजूनं येणारी खडखड ही याचीच सूचना. गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६ कोड दिसला तर क्रँक आणि कॅमचा मेळ सुटलाय. या टप्प्यावर चेन बदलली तर हेड, म्हणजे वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, वाचतं.

तुटलेल्या चेनवर नुसती नवी चेन चढवणारे मिस्त्री आहेत, आणि तिथंच पैसे दोनदा जातात. आधी हेडच्या वरचं कॅमशाफ्टचं हाउसिंग उतरवा. चेन तुटताना या इंजिनात बऱ्याचदा आधी रॉकर (कॅमचा दाब वॉल्व्हपर्यंत पोचवणारे छोटे दांडे) मोडतात आणि वॉल्व्ह वाचतात, पण 'बऱ्याचदा' म्हणजे नेहमी नव्हे. सगळे १६ रॉकर मोजून घ्या. एखादा तुकडा कमी पडला तर तो सापडेपर्यंत पुढचं काम थांबवा. रॉकरवरचा रोलर बोटानं फिरवून बघा, बाजूला चीर असेल तर तो रॉकर टाकून द्या.

हाउसिंग निघालं की स्प्रिंगच्या जोरावर सगळे वॉल्व्ह बंद असतात. तपासायला याहून सोयीची वेळ मिळत नाही. क्रँक हातानं फिरवून चारही पिस्टन अर्ध्यावर आणा, क्रँक घट्ट अडकवा, नाहीतर हवेच्या जोरानं तो फिरतो. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारा प्लग) काढून त्याच्या भोकातून एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरा. इनटेकमधून फुसफुस आली तर इनटेक वॉल्व्ह वाकलाय, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा येणारच, ती पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली. ग्लो प्लग खोलताना मात्र जपून, ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मोडतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वॉल्व्ह वाकलेला निघाला तर हेड उतरवण्याला पर्याय नाही. वॉल्व्हच्या बैठका कापणं (सीट कटिंग) आणि हेडचा तळ सपाट करणं (फेसिंग) यासाठी बेळगावकरांना लांब जायला नको, उद्यमबागेत मशिन शॉप आहेत.

आता चेनची बाजू. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढा, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावा, मग त्या बाजूचं माउंटिंग सोडा. क्रँक पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे. नेहमीच्या सवयीनं ओढलात तर तो आणखी आवळतो, आणि वर पाइप लावून जोर केला तर तुटतो. चेंबर उतरवावंच लागतं, आणि ते बरंच आहे: आतली ऑइल ओढणारी जाळी दिसते. गाईडचे तुकडे आणि कव्हरच्या सांध्यात लावलेल्या जुन्या सिलिकॉनचे धागे तिथंच अडकलेले सापडतात. जाळी तुंबली, दाब कमी पडला, टेन्शनर ढिला राहिला, असाही चेनचा जीव जातो.

किट पूर्ण घ्या: चेन, टेन्शनर, दोन्ही गाईड, दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं), पुढचं ऑइल सील. जुन्या स्प्रॉकेटचे दात चेनसारखेच झिजलेले असतात, त्यावर नवी चेन लवकर खराब होते. क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना असल्याशिवाय हे काम हातात घेऊ नका, पेंटच्या खुणांवर विसंबू नका. चेनच्या रंगीत कड्या खुणांवर बसवा, आणि टेन्शनरची पिन सगळं आवळून झाल्यावरच ओढा.

मग लॉक काढून क्रँक पान्ह्यानं सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठं टणक लागलं तर तिथंच थांबा. दोन फेऱ्यांनंतर लॉकच्या पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र आता खुणांवर दिसणार नाहीत, त्याला घाबरू नका, त्या बऱ्याच फेऱ्यांनी परत जुळतात.

ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच आहे. कव्हर बसवण्याआधी पंपात थोडं ऑइल ओता, कोरडा पंप लवकर ओढत नाही. सिलिकॉनची तीन मिलिमीटरची एकच रेघ पुरे, जादा लावलेलं आत गळून त्याच जाळीत जातं. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल साधारण तीन लिटर, शेवटचं डिपस्टिक पाहून. इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझला की कनेक्टर लावा आणि गाडी सुरू करा. रॉकरखालच्या लिफ्टरमध्ये ऑइल भरेपर्यंत थोडी टकटक होईल. ती गरम झाल्यावरही थांबली नाही तर गाडी बंद करा आणि रॉकर पुन्हा उघडून बघा.